चार्ज देताना राहिलेलं

शनिवार, दुपार
बागेतल्या बाकावरून

पहिल्या पाळीच्या इन्चार्ज बाईंना दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरचा सप्रेम नमस्कार.

तू समोरच्याच इमारतीत, बेबीच्या स्वयंपाकघरात आहेस आणि मी बागेत बसून तुला पत्र लिहितोय, हे बघून तू कपाळाला हात लावशील. लाव. पण दुसरा मार्ग तरी सांग. मी हॉलमधल्या सोफ्यावर, तू आतल्या खोलीत टिकलीशेजारी आणि मधे लेक-जावई. तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की तू म्हणतेस, "हळू, टिकली झोपलीय." टिकली जागी असली तर आणखीच पंचाईत. काल आल्या आल्या तुझ्या कानाशी "कंटाळलो बुवा" एवढंच म्हणालो, तर जेवायला बसल्यावर त्या पोरीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आबा कंटाळले!" जावयानं ताटातून मान वर केली नाही. अडीच वर्षांची नात आहे की दवंडी पिटणारा, तेच कळत नाही.

शिवाय लिहायची सवय आपल्याला लागलीच आहे. दोन वर्षं झाली, आपण दोघं घरच्या तांदळाच्या डब्यात एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवतोय. तू इकडे आलीस की मी तिकडे, मी इकडे आलो की तू तिकडे. सिलेंडर नवा लावलाय, दूध बंद केलंय, मोरीचा नळ ठिबकतो. संसार म्हणायचा तो एवढाच उरलाय. हे पत्र दाराआड टांगलेल्या तुझ्या स्वेटरच्या खिशात ठेवतो.

आधी घरची खबर. मोरीच्या नळाला नवा वॉशर घातला, आता थेंब पडत नाही. विजेचं मीटर बदलून गेले. खालच्या रखवालदाराच्या मुलीचं लग्न ठरलं. तुझा मनीप्लांट जिवंत आहे, पण माझ्यावर रुसून एका अंगानं पिवळा पडलाय. शेजारीणबाई ठणठणीत आहेत. निघायच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटल्या आणि बरंच काही बोलल्या. ते नंतर.

आता कालचं रामायण. कालपासून डोकं फिरलंय, कोणापाशी तरी ओकायला हवं.

आपल्या व्हिसावर ठळक अक्षरांत छापलंय की पाच वर्षांत कितीही वेळा या. वाचणाऱ्याला वाटेल, काय मोठ्या मनाची माणसं! पण एका खेपेला नव्वद दिवसांच्या वर राहायचं नाही, गेलात की लगेच परत यायचं नाही, आणि त्या नव्वदातले किती द्यायचे ते खिडकीत बसलेलं माणूस ठरवणार. हे सगळं बारीक अक्षरांत. म्हणूनच तर बेबीनं आपल्या पाळ्या लावल्या. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये पाळ्या केल्या, निवृत्तीला हार घातला तेव्हा वाटलं सुटलो. कसला सुटतोय! लेकीनं पुन्हा हजेरीपटावर घेतलं, आणि या खेपेला तुलाही.

पंपहाऊसमध्ये निदान चार्ज द्यायला-घ्यायला टेबल तरी होतं. आपलं टेबल म्हणजे विमानतळावरचा तो चहाचा कट्टा. तू उतरून बाहेर यायचं, मी आत जायचं, मधे एक चहा. तेवढ्यात तू घराच्या किल्ल्या द्यायच्या, मी टिकलीची औषधं सांगायची आणि बेबी लांबून घड्याळ दाखवणार. मागच्या खेपेला टिकलीनं तुझ्यामागे तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून या वेळी बेबीनं फर्मान काढलं: दहा दिवस दोघंही राहा, नीट चार्ज द्या. म्हणजे तुझे नव्वद संपेपर्यंत माझं शिकाऊपण.

तर काल उतरलो. परदेशी लोकांची रांग दोऱ्यांतून अशी वळवलेली की माणूस तासभर चालतो आणि तिथेच असतो. हातात बेबीनं लिहून दिलेला कागद. येण्याचं कारण: मुलीला भेटणे. किती दिवस: नव्वद. इथे काम करणार का: नाही. विमानात घोकून घोकून पाठ केला. इथे काम करणार का? नाही हो बाई. टिकलीला उचलून खांदा निखळला, भांडी घासून बोटं पांढरी पडली, तरी काम म्हणून करत नाही, भेटतो नुसता!

खिडकीत एक पोरगेली अधिकारी होती, सर्दीनं बेजार. नाकाला रुमाल लावून तिनं माझा पासपोर्ट पहिल्या पानापासून चाळायला घेतला. आत, बाहेर, आत, बाहेर, पानापानावर शिक्के. तिनं विचारलं, "तुम्ही इथेच राहता का?" म्हटलं, नाही. "मग तिथे राहता?" म्हटलं, तिथेही फार नसतो. "मग राहता कुठे?" याचं उत्तर बेबीच्या कागदावर नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. मागचा माणूस खाकरायला लागला. शेवटी तिनं शिक्का मारून पासपोर्ट सरकवला.

दहा दिवस. नव्वद नाही, दहा. काय करणार, त्यांची मर्जी.

पुढचं तू पाहिलंसच. गाडीत बेबीनं शिक्का बघितला आणि वळण चुकली. "बाबा, दहा कसे? नव्वद म्हणालात ना?" मी म्हटलं, लहरी माणसं असतात. म्हणजे आता परवाच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी तुझीही मुदत संपते आणि माझीही. दोघांनाही एकाच दिवशी देश सोडायचा, आणि लगेच परत कोणालाच येता यायचं नाही. बेबीची रजा संपलेली, जावयाचं ऑफिस तसलं, टिकलीला कोणाच्या गळ्यात घालणार? बेबीचं तोंड एवढंसं झालं. तू म्हणालीस, "बघू, काहीतरी मार्ग निघेल," आणि भांडी घासायला घेतलीस.

मला आपला भलताच विचार आला. दोघं एकदम घरी पोचलो, तर डब्यात चिठ्ठी कोण कोणाला ठेवणार?

शेजारी बाबागाडीत हालचाल सुरू झालीय, टिकली उठतेय वाटतं. बंद करतो.

तुझा,
दुसरी पाळी


बुधवार, दुपार
त्याच बाकावरून

इन्चार्ज बाई, स. न.

माझ्या पत्राला उत्तर नाही. स्वेटरच्या खिशात पत्र नाही, म्हणजे वाचलंस नक्की. सकाळी चहा देताना माझ्याकडे बघितलंसही. पण बोलली नाहीस. बरं.

आज सकाळी जावयाबरोबर त्या मुदतवाढीच्या कचेरीत गेलो होतो. नाकी नऊ आले. आधी दारावर एक रांग, तिथे नंबराची चिठ्ठी. चिठ्ठीवरचा नंबर पुकारला म्हणून खिडकीशी गेलो, तर ती खिडकी विद्यार्थ्यांची. आपली वरच्या मजल्यावर. वर गेलो, तर खालची चिठ्ठी वर चालत नाही. पुन्हा खाली. मग वर फोटो मागितला, तो होता, पण पाठीमागची भिंत पांढरी नको, करडी हवी. जावई कोपऱ्यावर जाऊन मला पुन्हा फोटोला बसवून आला. त्या फोटोत मी पकडलेल्या चोरासारखा दिसतोय. जावई मात्र एका शब्दानं चिडला नाही. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं, मला घरी येऊन तुझ्याकडे त्याची तक्रार करता आली असती.

शेवटी एका टकल्या कारकुनानं कागद घेतले, संगणकात बघितलं आणि जावयाला त्यांच्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं. माझी भाषा दुकानात चालण्याइतपतच, एवढं भरभर कळत नाही. जावयानं वळून माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मी विचारलं, काय म्हणतोय? तो म्हणाला, "काही नाही बाबा. नाही होणार म्हणतोय. चला." मग कचेरीबाहेर त्यानं मला चहा पाजला. "साखर चालेल ना?" एवढं एकच वाक्य बोलला सबंध वेळात.

घरी आलो तर बेबी फोन घेऊन बसलेली. तिच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, त्या येऊ शकत नाहीत. कोपऱ्यावरची बालवाडी अर्धा दिवस घेते, पण बेबी म्हणते टिकली अजून लहान आहे. मग माझ्यावर घसरली. "तो कागद दाखवला असतात तरी चाललं असतं, बाबा. एवढंसं बोलायचं होतं."   लेक खोटं बोलत नव्हती. दमलीय ती. नोकरीवरून येते तेव्हा चपला काढायच्या आधी टिकलीला घेते, आणि मग तशीच, चपलांसकट, जमिनीवर बसते. ते मलाही दिसतं. मी काही दगड नाही.

तुला आठवतं, पावसाळ्यात नदी चढली होती तेव्हा माझ्या जागी येणारा रिलीव्हर आलाच नव्हता? दोन पाळ्या मी तिथेच होतो, आणि तू पाण्यातून डबा पाठवला होतास. वरिष्ठ म्हणाले, बंद करून जायचं होतं. मी म्हणालो, रिलीव्हर आल्याशिवाय पंप सोडत नसतात. सबंध नोकरीत एकदाही सोडला नाही, निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी तेवढं एकच खरं सांगितलं. आणि आता टिकलीला रिलीव्हर नाही आणि आपण दोघं सोमवारी निघणार. सोफ्यावर पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरतं. तरीही…

जाऊ दे. दुसरं विचारतो. तू उठताना ओट्याचा काठ का धरतेस? बाथरूमच्या उंबऱ्याशी तुझा डावा पाय थबकतो. परवा विचारलं तर "थंडीनं आखडतो" म्हणालीस. इथे घरात थंडी कुठली? जावई उघड्या पायांनी हिंडतो. टिकलीला उचलताना आधी खुर्चीवर बसतेस आणि मग तिला वर ओढून घेतेस, हे पूर्वी नव्हतं. मी यंत्रांपाशी आयुष्य काढलंय. बेअरिंग कुरकुरतंय की नाही, ते मला खोलीच्या दारातून कळतं.

उत्तर दे. डोळ्यांनी देऊ नकोस, निदान कागदावर तरी दे.

तुझा,
चिडलेला


शुक्रवार, दुपार
बाग

अगं,

आज मायना नाही. आज काय ते लिहून टाकतो, नाहीतर सोमवारी विमानात तुझ्या शेजारी बसून मला घास गिळायचा नाही.

ते दहा दिवस त्या पोरीनं दिले नाहीत. मी मागितले.

तिनं विचारलं, मग राहता कुठे, तेव्हा मी नुसता उभा होतो, हे खरं. पण गोष्ट तिथे संपली नाही. तिनं रुमाल खाली ठेवला आणि दमादमानं, मला कळेल असं विचारलं, "बाहेर तुम्हाला घ्यायला कोण आलंय?" म्हटलं, बायको. "ती परत कधी जाणार?" म्हटलं, दहा दिवसांनी. "आणि तुम्ही?"

कागदावर नव्वद होते. जिभेवरही नव्वदच होते. आणि मी म्हणालो, "तिच्यासोबत."

चुकून नाही. तिनं शिक्का हातात धरून पुन्हा विचारलं, नक्की का, नंतर वाढवून मिळत नाही. मी मान हलवली. मग तिनं तारीख टाकली. बुधवारी त्या टकल्यानं हेच सांगितलं असणार, की म्हाताऱ्यानं मागितले तेवढे दिवस दिलेत. जावयाला त्याच दिवसापासून ठाऊक आहे. तरी त्यानं मला साखरेचं विचारलं. मला त्याच्यासमोर मान वर करायला होत नाही.

आता का मागितले ते. शेजारीणबाई जिन्यात भेटल्या असं लिहिलं होतं ना, त्या काय बोलल्या ते ऐक. त्या सहज म्हणाल्या, "वहिनींचा पाय आता बरा आहे का?" मी विचारलं, कुठला पाय? मग त्यांनाच कसंतरी झालं. तू सकाळी मोरीत पडलीस आणि दुपारपर्यंत तिथेच होतीस. उठता येईना. फोन बाहेर टेबलावर. शेवटी तांब्या घेऊन पाण्याच्या पाइपावर ठोकत राहिलीस, आणि वरच्या मजल्यावरून शेजारीणबाई विचारायला आल्या, कोण ठोकतंय म्हणून. पाइपातून आवाज मजले चढतो हे कधीकाळी मीच तुला सांगितलं होतं. ते ऐकताना तू जांभया देत होतीस.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या चहाच्या कट्ट्यावर तू माझ्यासमोर बसली होतीस. किल्ल्या दिल्यास, मीटरचं सांगितलंस, दूधवाल्याचं सांगितलंस. पायाचं अवाक्षर नाही! डब्यात चिठ्ठी: "मोरीचा नळ ठिबकतो." मी बाजारातून वॉशर आणला, बसवला आणि स्वतःवर खूश होऊन तीन महिने त्याच मोरीत आंघोळ केली. त्याच नळाच्या पाण्यावरून तू घसरलीस, हे मला जिन्यात कळावं?

चार्ज देताना बिघाड लपवायचा नसतो, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. बाकी काही विसरा, हे विसरू नका. लपवलेला बिघाड पुढच्या माणसाच्या अंगावर येतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोनं! मला इतका राग आलाय तुझा की गेले आठ दिवस तुझ्याशी धड बोलता येत नाहीये. टिकली झोपलीय हे निमित्त. बोलायला लागलो असतो तर ओरडलो असतो, आणि ओरडता ओरडता रडलो असतो, आणि मग त्या पोरीनं जेवताना तेही जाहीर केलं असतं.

खिडकीत ती म्हणाली, आणि तुम्ही? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे टिकली नव्हती. बेबीही नव्हती. मोरी होती. पुढच्या तीन महिन्यांत तू त्या घरात पुन्हा एकटी, आणि मी इथे बागेत बाबागाडी ढकलतोय.

रिलीव्हर आल्याशिवाय पंप सोडतोय. पहिल्यांदाच. ते मला खातंय, खोटं कशाला बोलू? बेबीला मीच सांगेन, रविवारी. म्हणजे सांगावं लागेलच. तोंड कसं उघडायचं ते अजून सुचलेलं नाही. तू रागावणार असशील तर आधी रागाव.

टिकलीच्या टोपीत पान पडलंय आणि ती झोपेत हसतेय. हे बघायला तू हवी होतीस. बघ ना, इथेही एका वेळी एकच.

तुझाच


रविवार, सकाळ
तुमच्या उजव्या बुटात

अहो,

तिन्ही पत्रं वाचली. आधी रागावते, तुम्हीच परवानगी दिलीत.

बेबीनं पाळ्या लावल्या तेव्हा मला विचारलं नाही. तिकिटंच पाठवली. तुम्ही त्या पाळ्या मोडल्यात, तेव्हा तरी मला विचारलंत? त्या सर्दीवाल्या पोरीला सांगितलंत. कारकुनाला कळलं, जावयाला कळलं, सगळ्यात शेवटी मला, तेही स्वेटरच्या खिशात.  

सोमवारी यायचं की नाही हे मी तुम्ही शिक्का आणलात म्हणून ठरवलेलं नाही. मुदत संपतेय म्हणूनही नाही. मला घरी जायचंय. दोन वर्षं त्या खिडकीत "काम करणार का" विचारतात आणि मी मान खाली घालून नाही म्हणते. मला आता खरोखर "भेटायला" म्हणून यायचंय.

बेबीशी बोलायची चिंता करू नका. तुमचं तोंड उघडेपर्यंत विमान सुटेल. काल तुम्ही टिकलीला घेऊन बागेत होतात तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पायाचंही. आधी चिडली, "मला या घरात कोणी काही सांगतच नाही" म्हणाली. मग माझा पाय मांडीवर घेऊन बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली. तुमच्या शिक्क्याचं मात्र मी सांगायच्या आधी जावईबापूंनीच सांगितलं. बुधवारपासून गप्प होते, आणि गुरुवारी ऑफिसातून परस्पर त्या बालवाडीत जाऊन टिकलीची जागा धरून आले. बाबा बोलतील मग आपण बोलू, म्हणून थांबले होते. सकाळी बेबी उशिरा निघेल, दुपारी ते लवकर येतील. त्यांची पोर आहे, त्यांचा पंप आहे, चालवतील. टिकलीला घेऊन तुम्ही परत आलात तेव्हा तिघंही तुमच्याकडे बघत होतो, तुमच्या लक्षात तरी आलं का? तुम्ही विचारलंत, "चहा आहे का?"

सोपं जाणार नाही. काही दिवस टिकली रडेल, बेबी फोनवर तुटक बोलेल. उद्या दारात मी पण रडेन. तेव्हा "काय झालं, काय झालं" करत बसू नका.

आता बिघाडाचं. लपवला, कबूल. तुम्ही टिकलीला सोडून धावत आला असतात, म्हणून लपवला. आणि शेजारीणबाई काय फक्त तुमच्याच आहेत? घरी असलात की तुम्ही रोज संध्याकाळी खाली इमारतीच्या पंपाशी खुर्ची टाकून बसता, आणि रखवालदार टाकी भरली म्हणून पंप बंद करायला आला तर त्याच्याशी भांडता, अजून पाच मिनिटं चालू दे म्हणून. हे कुठल्या चिठ्ठीत लिहिलं होतंत? मी वाचलं नाही ते.

बॅग भरून झालीय. तुमचा करडा स्वेटर वर ठेवलाय, विमानात गारठा असतो. खिडकीची जागा मला द्या.

एक चार्जमध्ये सांगायचं राहिलंय, ते आता सांगते. पाइपावर ठोकायचं मला फार उशिरा सुचलं. त्याआधी तिथे पडल्या पडल्या मी हाका मारत होते. तुम्ही इकडे आहात हे पक्कं ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी तोंडातून "अहो" हेच येत होतं.

उद्या मारली, तर ओ द्या.

तुमची